मागचीनं उचलायचं

बाईंच्या हातून काही खाली पडलं तर त्या ते उचलत नसत. खडू पडला तरी नाही, किल्ली पडली तरी नाही. एकदा गंजगोलाईत भाजी घेताना त्यांच्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी पडली. भाजीवाली म्हणाली, "ओ मॅडम, कोथमीर." बाई मान न वळवता चालत राहिल्या. मी मागे होते. मी जुडी उचलली, भरभर पावलं टाकून त्यांच्या डाव्या हाताशी नेली आणि त्यांनी ती न बघता घेतली. भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "लई गुर्मी हाय बाईला."

गुर्मी नव्हती. तो नियम होता, त्यांनी स्वतःच केलेला. इतरांना लावता लावता तो त्यांच्याच अंगात मुरला होता.

लातूरला मी ज्या मुलींच्या शाळेत शिकले तिथे बाई शारीरिक शिक्षण शिकवायच्या. शाळेचा बँड होता. ड्रम, बिगुल, बासऱ्या. तसा बँड बऱ्याच शाळांचा असतो. आमच्या बँडच्या पुढे मुलींचं झेंडापथक चालायचं, ते मात्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते बाईंचं. तिरंगा नव्हे. तिरंग्याला बाई हात लावू देत नसत. "त्यो एकच, आन् त्यो वर. आपले चालणारे," असं त्या म्हणायच्या. आमचे झेंडे साटिनचे होते. केशरी, निळे, पोपटी. आम्ही एकीमागे एक चालायचो, ठोक्यावर काठ्या फिरवायचो, वळणावर हवेत फेकून झेलायचो. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, मैदानावरच्या संचलनात आणि प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत लोक बँडपेक्षा आम्हाला बघायला थांबायचे.

हवेत फेकलेली काठी कधीतरी पडणारच. त्यासाठी नियम होता. जिच्या हातून पडली तिनं वाकायचं नाही. रिकामी मूठ काठी धरल्यासारखी आवळून तशीच पुढे चालत राहायचं. मधल्या मुलींनी काठी ओलांडून जायचं. रांगेतली शेवटची मुलगी ती गुडघ्यात बसून, चाल न मोडता उचलणार आणि डाव्या बाजूनं एकीच्या हातून दुसरीच्या हातात अशी पुढे पाठवणार. जिची तिला पोचली की तिनं डाव्या हातात घेऊन उजव्या हातात बदलायची. बघणाऱ्याला वाटावं, हा कवायतीचाच भाग आहे.

"पुढची वाकली की मागची तिच्यावर आदळती, तिच्यावर तिसरी, आन् समद्यांवर ढोल घेऊन बँड. पडलेली काठी कुणी ध्यानात ठेवत न्हाई गं. वाकलेली पोरगी ठेवतेत," असं बाई सांगायच्या.

त्या शेवटच्या मुलीला पथकात 'मागची' म्हणत. मी मागची होते.

मला पुढे जायचं होतं, हे उघड आहे. मी उंच होते. बाईंनी मला काठी फिरवायला लावली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हातात झेंडा म्हंजी दोरीवर परकर वाळत घातल्यावानी दिसून राहिलाय." मुली हसल्या. मग त्यांनी मुद्दाम एक काठी माझ्या मागे टाकली. मी वळून उचलली आणि विचार न करता पुढच्या मुलीच्या हातात दिली. बाई म्हणाल्या, "ही मागची. पुढची नुसती दिसाया लागती. मागची आसाया लागती." मला तेव्हा राग आला होता. नंतर बरं वाटलं. आता माझं मेडिकलचं दुकान आहे, घर आहे, सासूबाई अंथरुणावर होत्या त्यांचं सगळं मी केलं, आणि बाईंनी माणूस बरोबर ओळखलं होतं एवढंच म्हणते.

काठ्या म्हणजे वायरिंगचे जाड पाइप. आधी बांबू होते, पण ते उन्हात तडकायचे आणि तळहातात कुसळं जायची. पोकळ पाइप हलका, वाऱ्याबरोबर भरकटतो, म्हणून बाईंनी दोन्ही टोकांत लोखंडी बोल्ट ठोकून बसवले. वजन टोकांना गेलं की काठी मुठीभोवती चाकासारखी फिरते. खालच्या टोकाला कुबडीचं रबर लावलेलं असायचं, कारण ठोक्यावर काठी जमिनीवर टेकवताना खडखड आवाज बाईंना चालत नसे. ते रबर मेडिकलमध्ये मिळायचं. दुकानदार विचारायचा, "कुणाचा पाय मोडला मॅडम?" बाई म्हणायच्या, "न्हाई. मोडू ने म्हणून."

वरच्या टोकाला रबर नव्हतं. बोल्टचं डोकं उघडंच होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वरचं टोक आभाळात आसतंय. आभाळाला कशाला रबर?"

कापड रजईच्या खोळीचं. गादीवाल्याकडे उरलेलं साटीन त्या उचलून आणायच्या. इस्त्रीला बंदी होती. "इस्त्रीनं साटीन मरतंय. मेलेलं कापड उडत न्हाई." धुतलेले झेंडे त्या स्वतःच्या गादीखाली घालून झोपायच्या. गोलाईच्या मागे एका खोलीत त्या एकट्या राहत. लग्न का केलं नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, एक आरसा आणि कोपऱ्यात काठ्या. चहा उभ्यानं प्यायच्या, बशीत ओतून.

चाल मोजायच्या त्या कानडीत. वंदू, येरडू, मूरू, नाकू. त्यांचं घर निलंग्याकडचं, आई सीमेपलीकडची, कर्नाटकातली. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा हरकत घेतली की मराठी शाळेत हे काय. बाई म्हणाल्या, "मराठीत एक-दोन म्हणलं की पोरी आकडे मोजतेत. कानडीत म्हणलं की पाय टाकतेत." सरावाला पुरे म्हणायचं असलं की म्हणायच्या, "साकु." हा एकच कानडी शब्द ऐकून आम्हाला आनंद व्हायचा.

पथकात आलेल्या मुलीला पहिलं वर्षभर कापड मिळत नसे. नुसती काठी फिरवायची, तिला 'कोरी काठी' म्हणत. कोरी काठीवाली मुलगी मिरवणुकीत जात नसे. तिचं दुसरं काम झेंडे धुण्याचं. रिठे भिजवायचे, त्या पाण्यात साटीन बुडवायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. आम्हा सगळ्यांचं ते वर्ष झालेलं होतं. आम्हाला वाटायचं, ही बाईंची फुकट राबवून घ्यायची युक्ती आहे. त्यात काय शहाणपण होतं ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

ती गोष्ट सतरा सप्टेंबरची.

त्या सकाळी पथकातली एक मुलगी तापानं फणफणून घरी राहिली. रांगेत मधोमध खिंड पडली. बाईंनी चालवून बघितलं. खिंड दिसत होती, आणि ती त्यांना सहन होईना. इतर वेळी त्यांनी रांग आखडून घेतली असती. त्या दिवशी त्यांनी संगीताला बोलावलं.

संगीता आठवीत होती. कोरी काठीच्या वर्षातली, पण हात असा की तिच्या बोटांत काठी पाण्यासारखी वळायची. मुलींच्या वसतिगृहात राहायची. आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जायचे. वसतिगृह नसतं तर तीही कोयता घेऊन फडातच गेली असती, आणि हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाईंनी तिच्या काठीला पोपटी कापड बांधलं. मी बघत होते. त्यांनी गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली.

"येईल का गं?"

"येईल की बाई."

"पडली तर?"

"वाकायचं न्हाई. मूठ धरून चालायचं."

"हाव," बाई म्हणाल्या.

मैदान रात्रीच्या पावसानं चिखलाचं झालं होतं. संगीता माझ्यापेक्षा बरीच पुढे होती. तिच्या मागे वैशाली. मांडवाच्या वळणावर आम्ही काठ्या फेकल्या. संगीतानं सगळ्यांत उंच फेकली. ओल्या हाताला काठी लागून निसटली आणि पोपटी साटीन चिखलात पसरलं.

ती वाकली.

वैशाली तिच्यावर येऊन थडकली. त्याच क्षणी संगीता काठी घेऊन उभी राहिली आणि काठीचं वरचं टोक, ते उघडं बोल्टचं डोकं, वैशालीच्या उजव्या डोळ्यात गेलं.

वैशालीचं ओरडणं रांगेच्या शेवटी मला नीट ऐकू आलं नाही, कारण माझ्या लगेच मागे बँड वाजत होता आणि बँडला पुढचं काही दिसत नव्हतं. मग मला दिसलं की रांग तुटली आणि बाई कडेनं धावत आल्या. त्यांनी वैशालीला उचललं. काठी पुन्हा चिखलात पडली होती. बाई माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "रांग चालव." त्यांच्या पांढऱ्या साडीवर खांद्यापाशी रक्त होतं.

मी काठी उचलली आणि पुढे पाठवली. संगीतानं ती डाव्या हातात घेतली, उजव्या हातात बदलली. आम्ही फेरी पूर्ण केली. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, एका मुलीला चक्कर आली असेल.

वैशालीला सोलापूरला नेलं. डोळा जागेवर राहिला, नजर गेली.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सगळे जमले. वैशालीचे वडील, संस्थेचे एक सदस्य, वसतिगृहाच्या अधीक्षिका. आम्ही मुली व्हरांड्यात. दार उघडंच होतं. वैशालीच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, शांत माणूस म्हणून बाजारात नाव होतं. त्या दिवशी ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "कोण पोरगी ती? तिचं नाव पायजे मला." अधीक्षिका म्हणाल्या की आमच्या मुलीनं शिस्त मोडली असेल तर आम्ही तिला ठेवून घेणार नाही. संगीता माझ्या शेजारी उभी होती. तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता, पण ओठ हलत होते. ती बहुधा वंदू-येरडू मोजत होती.

मग बाईंचा आवाज आला. सरावाच्या वेळी असतो तसाच, कोरडा.

"पोरीनं काय बी मोडलं न्हाई. काठी पडली तवा मी वरडले, उचल म्हणून. तिनं माझं ऐकलं."

 मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमचाच नियम आहे ना, वाकायचं नाही म्हणून?"

"हाय. मीच मोडला."

बाईंनी हाक मारलेली नव्हती. संगीता वाकली तेव्हा बाई मांडवाच्या कोपऱ्यावर होत्या, त्यांचं तोंड पाहुण्यांकडे होतं आणि हात सलामीला वर होता. मला शेवटून सगळी रांग दिसते, बाईही दिसतात. मागचीचं कामच ते. मी आत गेले आणि तसं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तू सगळ्यांत शेवटी होतीस ना? तुझ्या मागे बँड वाजत होता. तुला काय ऐकू येणार?" मला दिसलं होतं, पण प्रश्न ऐकण्याचा होता.

बाई व्हरांड्यात आल्या तेव्हा मी त्यांच्या मागे गेले. काठ्यांच्या खोलीपाशी त्या थांबल्या.

"बाई, तुम्ही खोटं कामून बोलल्या?"

"खोटं कुठं?" त्यांनी एक काठी उभी धरली आणि वरच्या टोकावर अंगठा ठेवला. "मी उचल म्हणले न्हवते, हे तुला ठावं हाय. हितं रबर न्हवतं, हे मला ठावं हाय. ते कुणी इचारलंच न्हाई. मग जे इचारलं त्याचं दिलं उत्तर."

त्यांनी काठी परत भिंतीला टेकवली.

"आन् ती का वाकली, कळलं का तुला? धुणारी पोरगी ती. आदल्या सांजंला तिनंच रिठ्यात घालून काढलं होतं ते पोपटी. तिच्या लेखी झेंडा पडलाच न्हाई. धुणं पडलं चिखलात. हात जाणारच. म्हणून तर वरीसभर कापड देत न्हाई मी. धुण्याचं मन मरावं लागतंय आदी." मग त्या म्हणाल्या, "मला ठावं होतं हे. मला खिंड दिसू ने म्हणून दिलं मी."

संगीताचं वसतिगृह राहिलं. पथक बंद झालं. बाईंच्या हातून शारीरिक शिक्षण काढलं आणि कार्यानुभवाचे तास दिले. निवृत्तीपर्यंत त्यांनी मुलींना कागदी फुलं आणि खडूच्या पेट्या करायला शिकवलं. झेंडे एका पत्र्याच्या पेटीत गेले. काठ्या बरीच वर्षं शिपाई जळमटं काढायला वापरत होता. पुढे शाळेत संगणकाची खोली झाली तेव्हा वायरमननं त्या कापून भिंतीला बसवल्या. वायरिंगचे पाइप शेवटी वायरिंगलाच गेले. शाळेत आता सतरा सप्टेंबरला भाड्यानं ढोलपथक आणतात.

दर वर्षी त्या दिवशी बाई वैशालीच्या घरी जायच्या. दार वाजवायच्या नाहीत, समोर उभ्या राहायच्या. वडील असेपर्यंत दार उघडलं नाही. नंतर एका वर्षी माहेरपणाला आलेल्या वैशालीनंच उघडलं. मी तिला विचारलं होतं, काय बोलल्या. ती म्हणाली, "काही नाही. माझ्या डोळ्याकडे बघितलं. पाणी प्यायल्या आणि गेल्या." मग म्हणाली, "पेला खाली ठेवला नाही त्यांनी. माझ्या हातात दिला."

आता बाई निलंग्याला भावाच्या घरी असतात. भाऊ वारला, वहिनी आहेत. बाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली, पण बोललेलं समजतं. मी लातूरहून एसटीनं महिन्यातून एखाद्या वेळेस जाते, औषधं घेऊन. प्रेमानं वगैरे नाही. औषधं माझ्याकडे असतात आणि दुसरं कुणी नेणारं नाही.

सुरुवातीला त्या थोडं चालायच्या. मी सरळ बांबूची काठी नेली आणि टोकाला रबर बसवून दिलं. त्यांनी काठी आडवी धरून दोन्ही टोकं बघितली.

"दोन आन."

"वरती कशाला बाई? वर हात धरायचा असतो."

"दोन," त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळी मी दुसरं रबर नेलं. वर रबर बसवल्यावर त्यांना काठी नीट धरता येईना, मूठ घसरायची. तरी त्यांनी ते काढू दिलं नाही. हळूहळू चालणंच थांबलं. ती काठी आता कोपऱ्यात उभी असते, दोन्हीकडे रबर लावलेली.

संगीता पोलिसात आहे, नांदेडला. दोन वर्षांपूर्वी आईची औषधं घ्यायला माझ्या दुकानात आली. अंगानं भरली आहे, बोलणं खणखणीत. इकडचं तिकडचं झालं, मग तिनंच विचारलं, "त्या बाई हायत का आजून?"

"आहेत. निलंग्याला. अंथरुणावर आहेत."

"मी न्हाई जाणार भेटाया." तिनं पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडली. "मी ल्हान होते ओ ताई. मला काय कळत होतं? वैशालीचा डोळा गेला ते पाप त्यांच्यापायी माझ्यावर येऊन बसलं आसतं. त्यांनीच वरडून सांगितलं, उचल. आजून कानात हाय माझ्या."

मी गोळ्यांची पट्टी कापत होते. "ऐकलं होतंस तू?"

"हाव. आसं खडखडीत. परेडला कुणी जोरात वरडलं का मला आजबी तेच ऐकू येतंय."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ऐकू आलं होतं. त्या दिवशी नव्हे, नंतर केव्हातरी, व्हरांड्यातून आतलं बोलणं ऐकताना. मी बिल केलं. ती गेली.

निलंग्याला गेले तेव्हा मी बाईंना हे सांगितलं. त्या छताकडे बघत ऐकत होत्या. 

"मग बसलं म्हणायचं पक्कं," त्या म्हणाल्या.

"तिला खरं सांगू का? ती येईल तुम्हाला भेटायला. नक्की येईल."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. त्याला वेळ लागला. "तिची काठी तिच्या हातात हाय," त्या म्हणाल्या. "तू कामून पाडून राहिलीस?"

मी सांगितलं नाही. संगीता येणार नाही. वैशाली उदगीरला असते, तिला संसार आहे. म्हणजे यायला मीच.

गेल्या वेळेस गेले तर वहिनी दारातच कावलेल्या. त्यांचंही वय झालं आहे, दिवसभर लोकांच्या रानात खुरपायला जातात, येऊन यांचं करतात.

"ताई, तुमीच सांगा आता वन्संला. ह्या भांडं टाकत्यात. चांगला डावा हात हाय, त्यात धरत न्हाईत, उजव्यातच घेत्यात. पडलं का भिताडाकडं तोंड करून बसत्यात. खाली बगत बी न्हाईत. उचला म्हनत न्हाईत, पडलं म्हनत न्हाईत. मी काय बांधलेली हाय का त्यांची? लई गुर्मी."

मी आत गेले. पितळी पेला जमिनीवर आडवा होता, पाणी पलंगाखाली गेलं होतं. बाई भिंतीकडे बघत होत्या. उजवी मूठ मांडीवर अर्धवट मिटलेली, तेवढीच मिटते.

मी व्यवहारी बाई आहे. मी पेल्याला सुतळी बांधून ती पलंगाला अडकवायची ठरवलं. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "काठीला दोरी बांधत्यात व्हय?" मी सुतळी सोडली.

मग वहिनींना बाहेर घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. रांग, काठी, पडलेलं आपण न उचलणं, रिकामी मूठ धरून चालत राहणं. त्यांनी नीट ऐकलं. पदरानं तोंड पुसलं.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "आदी सांगाया नगं का कुनी? मला वाटायचं आमच्यावरच राग." खुरपं पुढे ओढून म्हणाल्या, "मंग ती मागची का काय म्हनलाव, ती कोन हाय हितं?"

मी म्हटलं, "तुम्ही असता ना."

"मी सकाळी जाते ती दिवस बुडताना येते ताई. मधी?"

 खुरपं घेऊन त्या उठल्या. माझ्या एसटीची वेळ होत आली होती. मी आत जाऊन पेला धुतला, पाणी भरलं, बाईंच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि त्यांच्या डाव्या हाताशी नेला. त्यांनी न बघता घेतला. डाव्या हातात तो घट्ट बसला होता, तसाच राहिला असता. पण त्यांनी तो उजव्या हातात बदलला.

"येते बाई."

"हाव. चाल नीट ठेव."

मी चपला घालून उंबरा ओलांडते तोच मागे पेला पडला. मी परत गेले. वाकले नाही, गुडघ्यात बसून उचलला, पुन्हा भरला, पुन्हा डाव्या हाताशी नेला. त्यांनी घेतला आणि बदलला. मी निघाले.

गल्लीच्या टोकाला रस्ता आहे. तिथून उसाचे ट्रॅक्टर जात होते, एकामागे एक, कर्कश गाणी लावलेले. मागे पेला पुन्हा पडला असेल, तर मला काय ऐकू येणार.